पायवाट कोणाची?

पायीं चालण्याची स्तुति करणारें वाङ्मय युरोपांत विपुल आहे. रूसोनें उतारवयांतील आपलीं चिंतनें चालतां चालतां केलीं. थोरोचा चालण्यावरील प्रसिद्ध निबंध त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनीं, १८६२ सालीं, छापून निघाला. आमच्याप्रमाणें इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांना ही स्तुति इतकी अंगवळणी पडलेली असते कीं, पायवाट म्हटली म्हणजे स्वातंत्र्य, एकांत, निर्मळ हवा आणि उदात्त विचार हीं सर्व एकामागून एक आपोआप मनांत येऊन उभीं राहतात. आपल्याकडे वारकऱ्यानें चालण्याला ह्याहूनहि मोठें पद दिलें आहे. पण तो विषय निराळा.

ह्या सर्व स्तुतींत दोन गोष्टी न बोलतां गृहीत धरलेल्या असतात. एक, चालणारा स्वतःच्या इच्छेनें घराबाहेर पडला आहे. दुसरी, त्याला वाटेल तेव्हां परत फिरतां येईल. ह्या दोन गोष्टी काढून घेतल्या तर चालण्याचें काय उरतें? आणि त्या ज्याच्याजवळ आहेत, त्यानें त्या ज्याच्याजवळ नाहींत अशाच्या वाटेवरून आनंदानें जावें काय? हा प्रश्न केवळ कल्पनेचा नाहीं. हिंदी महासागरांत एक बेट असें आहे कीं, तेथें तो प्रत्येक वळणावर आडवा येतो.

मॉरिशसपासून सुमारें सव्वादोनशें किलोमीटरांवर रीयूनियन नांवाचें फ्रेंच सत्तेखालील बेट आहे. तें मॉरिशसच्या शेजारचें असलें तरी त्याची प्रकृति अगदीं निराळी. क्षेत्रफळ २,५०० चौरस किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढें. पण त्याच्या मध्यभागीं पितों दे नेझ हें शिखर ३,००० मीटरांहून उंच गेलें आहे, आणि आग्नेयेस पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अद्याप वारंवार जागा होतो. दख्खनच्या माणसाला ह्या बेटाविषयीं थोडी आपुलकी वाटावयास भूशास्त्रांतच आधार आहे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं ज्या तप्त स्रोताच्या लाव्ह्याने आपलें पठार आणि सह्याद्रीचे कडे घडविले, तोच स्रोत आज रीयूनियनच्या खालीं धुमसत आहे, असें पुष्कळ भूशास्त्रज्ञ मानतात. आपली भूमि त्या चुलीवरून उत्तरेकडे सरकली. चूल तेथेंच राहिली. त्यामुळें तेथील काळा दगड हातांत घेतला तर तो राजगडावरचा वाटावा, ह्यांत नवल नाहीं.

पितों दे नेझच्या तीन बाजूंना तीन अवाढव्य खळगे आहेत: सालाझी, सिलाओस आणि माफात. ज्वालामुखीचा डोंगर खचून आणि पावसानें कुरतडला जाऊन ते तयार झाले. भोंवतीं शेंकडों मीटर उंचीचे उभे कडे, आंत पुन्हां दऱ्याखोऱ्यांची गुंतागुंत, आणि सर्वांवर एक घनदाट हिरवा थर. तेथील पाऊस म्हणजे आपल्या घाटमाथ्यालाहि खालीं पाहावयास लावणारा. मुंबईंत २६ जुलै २००५ रोजीं एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस आपण विसरलों नाहीं. ह्या बेटावर जानेवारी १९६६ मध्यें चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पडला. असा पाऊस वाट टिकूं देत नाहीं. तेथील प्रत्येक पायवाट ही दरवर्षीं नव्यानें राखावी लागणारी वस्तु आहे.

आणि पायवाटा तर तेथें जिकडेतिकडे आहेत. लांब पल्ल्याच्या तीन वाटा विशेष प्रसिद्ध: एक पितों दे नेझला वळसा घालणारी, दुसरी उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सबंध बेट ओलांडणारी, आणि तिसरी माफातच्या आंतून फिरणारी. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा दगडांवर व झाडांवर रंगविलेल्या असतात, म्हणून परका मनुष्यहि सहसा चुकत नाहीं. १९८९ पासून दरवर्षीं बेट आडवें ओलांडण्याची एक शर्यतहि होते. ती दीडशें किलोमीटरांहून अधिक लांब असून रात्रंदिवस चालते, आणि तिचें नांवच मुळीं 'वेड्यांचा कर्ण' असें आहे. भूमितींतला कर्ण, महाभारतांतला नव्हे. नांव ठेवणाऱ्यांच्या प्रांजळपणाचें आम्हांस कौतुक वाटलें.

ह्या तीन खळग्यांपैकीं सालाझी आणि सिलाओस येथें मोटार जाते. माफातमध्यें आजहि मोटारीचा रस्ता नाहीं. आंत जावयाचें तर पायीं, नाहीं तर हेलिकॉप्टरनें. सालाझीच्या बाजूनें मोटाररस्ता एका खिंडीपर्यंत चढतो. फ्रेंच लोक तिला बैलांची खिंड म्हणतात. तेथें, सुमारें १,९५० मीटरांवर, तो संपतो. आम्ही ह्याच बाजूनें खालीं उतरलों. थोड्या वेळानें 'तामारें'चें रान लागतें. नांवावरून आम्हांला चिंचा दिसतील असें वाटलें होतें. पण हें झाड बाभळीच्या कुळांतलें निघालें. चक्रीवादळांनीं ते वृक्ष आडवे लोळविलेले, आणि लोळल्या जागेवरून त्यांनीं पुन्हां वर डोकीं काढलेलीं. पायाखालीं चिखल होऊं नये म्हणून ओंडके आडवे टाकून वाट बांधलेली. धुकें, शेवाळ, मधूनच एखाद्या पक्ष्याचा आवाज. दोनअडीच तासांत ला नूव्हेल हें वस्तीचें ठिकाण येतें. वाटेंत दोन वेळां डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलें, आणि दोन्ही वेळां आमच्या बरोबरच्या मंडळींनीं कपाळाला आठ्या घातल्या. शांततेचा भंग झाला होता. त्या यंत्राखालीं जाळ्यांत बांधलेलें जें ओझें लोंबत होतें, तें काय असावें ह्याचा विचार त्या क्षणीं आम्हींहि केला नाहीं.

आतां नांवांकडे वळूं. माफात हा शब्द मलागासी आहे आणि त्याचा अर्थ 'जो ठार करतो' असा सांगतात. सिलाओस म्हणजे 'जेथून कोणी निघत नाहीं' ती जागा. एका शिखराचें नांव सिमांदेफ. त्याचा अर्थ 'जो गुलाम नाहीं'. दुसऱ्या उंच पठाराचें नांव दिमितिल. सालाझीच्या मध्यभागीं एक सुटा सुळका उभा आहे. तेथें आंशें आणि त्याची बायको एव्हा हीं पळून जाऊन राहिलीं, अशी दंतकथा आहे. हीं सर्व नांवें पळालेल्या गुलामांचीं किंवा त्यांच्या भाषेंतलीं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रेंचांनीं ह्या ओसाड बेटावर वस्ती केली, आणि पुढें कॉफीच्या लागवडीसाठीं मादागास्करहून, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आणि कांहीं हिंदुस्थानांतूनहि माणसें विकत आणलीं. त्यांतलीं जीं किनाऱ्यावरचे मळे सोडून डोंगरांत पळालीं, त्यांना फ्रेंच लोक 'मारों' म्हणत.

मारों लोकांविषयीं कायदा स्पष्ट होता. फ्रान्सच्या राजाच्या १७२३ सालच्या फर्मानाप्रमाणें, महिनाभर फरारी राहिलेल्या गुलामाचे प्रथम कान कापावे व खांद्यावर डाग द्यावा, दुसऱ्यांदां पळाला तर गुडघ्यामागची शीर तोडून दुसऱ्या खांद्यावर डाग द्यावा, तिसऱ्यांदां मृत्यु. ह्यांतील दुसरी शिक्षा वाचकांनीं क्षणभर लक्षांत घ्यावी. गुडघ्यामागची शीर तोडलेला मनुष्य उसाला किंवा कॉफीला निरुपयोगी होत नाहीं. हात शाबूत असतात. त्याचें फक्त चालणें जातें. चालणें म्हणजे स्वातंत्र्य, हें थोरोच्या निबंधांतून आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षें समजावून देत आलों. पण त्या सिद्धांताचा अर्थ निबंधकारांपेक्षां हें फर्मान लिहिणाऱ्या कारकुनाला अधिक नेमका कळला होता, असें म्हणावें लागतें.

फरारी माणसांच्या शोधार्थ टोळ्या निघत. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रांस्वा म्युसार हा अशा टोळीचा नामांकित नायक होता. ठार मारलेल्या मारोंचा पुरावा म्हणून त्याचा तोडलेला हात आणून दाखवावयाचा आणि बक्षीस घ्यावयाचें, असा प्रघात. पितों दे नेझच्या उतारावर एका गुहेला ह्याच म्युसारचें नांव आहे. म्हणजे एकाच नकाशावर शिकार आणि शिकारी शेजारीं शेजारीं नांदत आहेत, आणि पाठीवर पिशवी लावलेला प्रवासी सकाळीं एकाच्या नांवाजवळून निघून दुसऱ्याच्या नांवाजवळ दुपारची भाकरी खातो.

प्रवाशांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत एक वाक्य निरनिराळ्या रूपांनीं हटकून येतें: येथें तुम्ही मारोंच्या पावलांवर पाऊल ठेवून चालतां. वाक्य गोड आहे, आणि बोलणाऱ्याचा हेतुहि चांगला असतो. पण थोडा विचार केला तर तें टिकत नाहीं. पळालेल्या माणसाला पायवाट नको असते. पायवाट म्हणजे अनेक पावलांनीं ठेवलेली साक्ष. आणि ज्याच्या मागावर टोळी आहे त्याला साक्षीइतकें भय दुसऱ्या कशाचें नसतें. तो ओढ्याच्या पाण्यांतून जाईल, उघड्या खडकावरून जाईल, आज गेला त्या वाटेनें उद्यां जाणार नाहीं. त्याचें कौशल्य वाट न पडूं देण्यांत आहे. मराठींत 'वाट' आणि 'माग' हे दोन निराळे शब्द आहेत, ही आपल्या भाषेची मोठी सोय. वाट चालणाऱ्यासाठीं असते. माग पाठलाग करणाऱ्यासाठीं. मारोंनीं वाटा केल्या नाहींत. त्यांनीं शक्य तों माग ठेवला नाहीं. म्हणूनच त्यांच्याविषयीं आज आपल्याला जें ठाऊक आहे, त्यांतलें पुष्कळसें त्यांच्या शिकाऱ्यांच्या कागदांतून आलेलें आहे. सिलाओसच्या वर दोन हजारांहून अधिक मीटर उंचीच्या एका दुर्गम घळींत, अलीकडे म्हणजे ह्या एकविसाव्या शतकांत, पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं उत्खनन केलें. तेथें दगड रचून केलेले दोन लहान आडोसे आणि खाल्लेल्या समुद्रपक्ष्यांचीं हाडें मिळालीं. इतकी थंडी, इतकी उंची, आणि जेवण हें असें. त्या घळीला आज 'गुप्त दरी' म्हणतात.

मग सहानुभूतीनें चालणाऱ्यानें काय करावें? ह्या ठिकाणीं आम्हांला एका जुन्या कादंबरीची आठवण होते. बेर्नार्दें द सें-पिएर हा फ्रेंच लेखक १७६९ सालीं शेजारच्या मॉरिशसभर पायीं फिरला. गुलामांचे हाल त्यानें डोळ्यांनीं पाहिले आणि त्यांविषयीं लिहिले. १७८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'पोल ए व्हिर्जिनी' ह्या कादंबरीनें युरोपला पुष्कळ रडविलें. तींत एक प्रसंग आहे. मळ्यावरून पळालेली, भुकेनें व्याकुळ झालेली एक गुलाम स्त्री ह्या दोन निष्पाप मुलांच्या दाराशीं येते. मुलें तिला आपलें खाणें देतात आणि कळवळून ठरवितात कीं, हिच्या धन्याकडे हिला घेऊन जावें आणि हिच्यासाठीं क्षमा मागावी. मुलें दूरवर चालत जातात. धनी क्षमा केल्याचें वचन देतो. मुलें समाधानानें परत फिरतात आणि रानांत वाट चुकतात. पुढें कळतें कीं, त्या स्त्रीला पायांत साखळी आणि गळ्यांत लोखंडी कडें घालून जखडलें आहे. आणि थकलेल्या ह्या मुलांना खांद्यावर घेऊन घरीं पोंचविणारे कोण? रानांतले मारों. मुलांनीं सकाळीं केलेल्या चांगुलपणाची ते अशी फेड करतात.

कादंबरीकाराला ह्या प्रसंगांतला हृदयद्रावकपणा दिसला. त्यांतला दंश त्याला पुरता जाणवला होता कीं नाहीं, ह्याची आम्हांला शंका आहे. मुलांचें मन निर्मळ होतें, चालणें खरें होतें, पायांना फोड आले तेहि खरे. पण त्या निर्मळ चालण्याचें फळ एवढेंच कीं, सुटलेली स्त्री पुन्हां साखळींत गेली. तिला काय हवें होतें हें कोणी विचारलें नव्हतें. आणि ओझें उचलण्याची वेळ आली तेव्हां तें पुन्हां त्याच काळ्या खांद्यांवर आलें.

२० डिसेंबर १८४८ रोजीं सार्दा गारिगा ह्या अधिकाऱ्यानें बेटावरील गुलामगिरी संपल्याचें जाहीर केलें. सुमारें ६२,००० माणसें एका दिवसांत कायद्यानें स्वतंत्र झालीं. तो दिवस तेथें आज सार्वजनिक सुटीचा असतो. डोंगरांत आतां लपावयाचें कारण उरलें नाहीं. तरी माणसें डोंगरांत राहिलीं, किंबहुना वाढलीं. स्वतंत्र झालेले गुलाम आणि किनाऱ्यावर जमीन न उरलेले गरीब गोरे असे दोन्ही प्रकारचे लोक वर चढले. आतां मात्र वाटा पडल्या. ह्या वाटा ओझ्यांच्या वाटा होत्या. तांदूळ, मीठ, कौलाऐवजीं पत्रा, आजारी म्हातारी, प्रेत, सर्व कांहीं माणसाच्या डोक्यावरून किंवा खांद्यावरून. सिलाओसच्या उष्ण झऱ्यांवर प्रकृति सुधारण्यासाठीं जाणारे श्रीमंत लोकहि खुर्चींत बसून, हमालांच्या खांद्यावरून जात असत. १९३२ सालीं तेथें मोटाररस्ता झाला तेव्हां तो प्रकार संपला. त्या रस्त्याला चारशेंहून अधिक वळणें आहेत. त्यानें सिलाओसच्या एकांताचा नाश केला म्हणून कोणा हमालानें अश्रु ढाळल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

माफातमध्यें आज सातआठशें माणसें दहापांच वाड्यांतून राहतात. खोल ओहळांनीं तोडलेल्या सपाट तुकड्यांवर ह्या वाड्या वसलेल्या. त्यांना तेथें 'इले', म्हणजे छोटीं बेटें, म्हणतात. वीज मुख्यतः सूर्यप्रकाशावर. टपाल दशकानुदशकें पायींच येत असे. किराणा आणि घरबांधणीचें सामान आतां हेलिकॉप्टर आणतें. आमच्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पाडणारें ओझें तें हेंच. आजारी मनुष्य त्यांतूनच खालीं जातो. लहान मुलांसाठीं वाड्यांवर शाळा आहेत. पण पुढच्या शिक्षणाचें वय झालें कीं, मुलाला घर सोडून किनाऱ्यावर राहावें लागतें. त्या वयांत आपलीं मुलें शाळेच्या बसपर्यंत एकटीं सोडावयास आपण कचरतों.

ह्या ठिकाणीं मूळ प्रश्न उभा राहतो. माफातला रस्ता नाहीं, हेंच तर माफातचें सौंदर्य. २००७ सालीं बेटाच्या मध्यभागाचें राष्ट्रीय उद्यान झालें, २०१० सालीं ह्या कड्यांची व खळग्यांची जागतिक वारशांत गणना झाली, आणि दूरदूरचे लोक येथें येतात ते मोटार ऐकूं येत नाहीं म्हणूनच येतात. आम्हीहि त्याचसाठीं गेलों होतों. दुसऱ्याच्या अडचणीवर आपला आनंद उभा असतो, तेव्हां तो आनंद घेणें अयोग्य आहे काय? आमच्या मतें घेणें अयोग्य नाहीं. अडचण टिकावी अशी इच्छा धरणें अयोग्य आहे. ह्या दोहोंमधील रेषा बारीक आहे हें आम्ही जाणतों. प्रवासी ती सहसा नकळत ओलांडतो. 'येथें रस्ता होऊं नये' हें वाक्य तो सहज बोलतो, आणि त्याच संध्याकाळीं किंवा दोन दिवसांनीं रस्त्यावर उभ्या असलेल्या आपल्या मोटारीकडे परत जातो.

हा विचार आपल्यापासून दूरचा वाटूं नये. माथेरानला मोटारीस बंदी आहे, म्हणून तेथील हवा आणि झाडी ह्यांची आपण वाखाणणी करतों. पण त्या तांबड्या मातीच्या वाटांवरून पाहुण्यांना हातरिक्षांत बसवून माणसेंच ओढीत होतीं. २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयाला त्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. सह्याद्रींतल्या कित्येक वाड्यांवरून पावसाळ्यांत रोग्याला अजून झोळींत घालून खालीं आणावें लागतें, आणि त्याच वाड्यांच्या डोक्यावरच्या गडावर रविवारीं चढणारा तरुण 'अजून रस्ता झालेला नाहीं' हें कौतुकानें सांगतो. त्या तरुणाला आम्ही दोष देत नाहीं. त्याचें चालणें चांगलें आहे. फक्त झोळीचा एक दांडा त्याच्या खांद्यावर असता, तर त्याच्या वाक्यांतला कौतुकाचा सूर कायम राहिला असता काय, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

कोणी म्हणेल, प्रवाशाचें सोडा; रानाची बाजू कोण मांडणार? रस्त्याबरोबर बांधकाम येतें, परके तण येतें, पक्ष्यांचीं घरटीं जातात. ही बाजू खरी आहे आणि वजनदार आहे. ती मांडणाऱ्याशीं वाद घालतां येतो, तडजोडहि करतां येते. आमचा आक्षेप इतकाच कीं, पुष्कळ वेळां प्रवाशाची आवड रानाची कैफियत अंगावर पांघरून येते. तिला ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. रानाचा खरा कैवारी हेलिकॉप्टरच्या फेऱ्यांना किंमत देऊन कां होईना, पण वाडीवरच्या मुलाची शाळा आणि म्हातारीचें औषध ह्यांची सोय आधीं विचारतो. आवडीचा मनुष्य हेलिकॉप्टरहि बंद करा म्हणतो.

आणखी एक गुंतागुंत आहे, आणि ती टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. चालणारे प्रवासी येतात म्हणूनच माफातमधील कित्येक घरें चालतात. रात्रीचा बिछाना, मसुराची आमटी, भात, सकाळची कॉफी, ह्यांवर तेथें संसार उभे आहेत. उद्यां रस्ता झाला तर प्रवासी दुपारीं येऊन संध्याकाळीं परत जाईल, आणि बिछाना रिकामा राहील. म्हणजे रस्ता नसणें हें ज्याच्या खांद्याला ओझें, त्याच्याच पदरांत तें मिळकतहि टाकतें. तेव्हां रस्ता हवा कीं नको, ह्याविषयीं तेथल्या सर्वांचें एकच मत असेल असें मानावयास कारण नाहीं. बिछाने भाड्यानें देणाऱ्याचें एक असेल, शाळेला मूल धाडणाऱ्या आईचें दुसरें असेल, आणि बहुधा ही दोन्हीं माणसें एकाच घरांत राहत असतील. हा निवाडा त्यांचा आहे. ला नूव्हेलच्या ओसरीवर कॉफी पीत बसलेल्या पाहुण्यानें त्यांत मत देऊं नये. विचारलें तरी देऊं नये.

पण निवाडा त्यांचा आहे असें म्हणतांना एक अडचण शिल्लक राहते. माफातमधील जमीन सरकारी जंगलाची आहे. ज्या घरांत आम्ही उतरलों होतों, त्याच्या भिंती, त्याचा पत्रा, परसांतली मक्याची दोन वाफे, हें सर्व मालकाचें. पण खालची जमीन वनखात्याकडून पट्ट्यानें घेतलेली. तेथील लोक पिढ्यान् पिढ्या राहूनहि तिचे पट्टेदारच आहेत. ज्या जागेला धनी नाहीं म्हणून पळालेलीं माणसें एके काळीं तेथें चढून गेलीं, तिला आतां धनी आहे. आणि रस्ता करावयाचा कीं नाहीं, हें कागद अखेर त्याच्याच मेजावर जातात.